बाजेखालचा डबा

जिलेबीचा घास रंगारी कय्युमच्या तोंडातच अडकला.

"काय म्हणालास बन्सी?"

"म्हणलं, बहिणीला पोरगी झाली, चाचा. काल पहाटं." शिडीच्या पायथ्याशी बन्सी पुडा घेऊन उभा होता. "गारठा लई पडलाय ना, माय बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतीया दोघींला." एवढं बोलून तो बहिणीच्या सासरी सांगावा द्यायला फुलंब्रीच्या मोटारीकडं पळालासुद्धा.

बाजेखाली! लेक बाळंतपणाला येणार म्हणून बन्सीच्या मायनं, सारजाबाईनं, पंधरवड्यापूर्वी कय्युमकडून दारं-खिडक्या रंगवून घेतल्या होत्या. अर्धा डबा रंग उरला, तो कुठं ठेवू, असं तिनं विचारलं. आणि हा शहाणा म्हणाला होता, "थंडीत बाहेर नका ठेवू माय, रंगाचा दगड होतो. उबेला ठेवा, बाजेखाली. आमच्या घरी बी तसंच ठेवतो." वर रंग पातळ राहावा म्हणून त्यात टर्पेंटाइन ओतलं. चेपलेलं झाकण नीट बसलं नव्हतं. चालतंय म्हणून त्यानं ते अंगठ्यानं दाबून दिलं होतं.

एक ठिणगी उडायचा उशीर.

शिडीवरून तो उतरला की घसरला, त्याचं त्यालाच कळलं नाही. हर्सूलहून सारजाबाईचं बेगमपुऱ्यातलं घर सायकलनं काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. दर वळणावर तो आभाळात धूर शोधत होता. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला चार वर्षं झाली होती, तरी हिंदूंच्या गल्लीत शिरताना कय्युम सायकलवरून उतरून चालत जायचा. आज उतरायचं भानच राहिलं नाही.

सारजाबाई दारातच तूर पाखडत बसली होती.

"माय, डबा कुठंय?"

"कसला डबा? जाग्यावरच हाय की. तू म्हणला उबेला ठेव, तर गोधडीत गुंडाळून ठेवलाय." तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "थांब, आत जाऊ नकोस. सोयर हाय. लेकरू आत्ताच निजलंय."

ओरडावं, तर ही घाबरून धावेल अन् शेगडीच लाथाडेल. सांगत बसावं, तर तेवढा वेळ आहे की नाही कुणास ठाऊक. कय्युमनं चप्पल काढली आणि तिला ओलांडून तो आत शिरला. शेजारची मनकर्णाबाई भिंतीवरून किंचाळली, "अगं बाई, बाप्या माणूस शिरला की गं आत!"

खोलीत टर्पेंटाइनचा उग्र वास कोंडला होता. बाळंतीण दचकून उठली, लेकराला छातीशी धरून भिंतीला टेकली. बाजेखाली निखारे लाल फुललेले, अन् त्यांच्यापासून वीतभर अंतरावर गोधडीतला डबा. वरचं झाकण उचकलेलं. कय्युमनं शेगडी उघड्या हातांनीच उचलली, श्वास रोखून अंगणात नेली आणि रांजणाजवळ पालथी केली. तांब्यामागून तांब्या ओतून विझवली. मग डबा. तो त्यानं पार परसातल्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. झाकण लावायला गेला, तेव्हा कुठं हात भाजल्याचं त्याला कळलं.

टर्पेंटाइन ठिणगीनं कसं भडकतं ते त्यानं सारजाबाईला सांगितलं. आधी तिनं लेकीकडं पाहिलं, मग लेकराकडं.

"मुडद्या, मंग ठेवायला सांगितलंस कशाला?" ती रडायलाच लागली. "माझी दोन माणसं जळाली असती की रे!"

"चुकलं माय. लई मोठी चूक झाली."

मग डोळे पुसत ती वळली. शिव्या देतच आत गेली, तुपाची वाटी घेऊन आली आणि त्याच्या तळव्यांवर तूप चोळू लागली. चोळता चोळता एकदम थांबली.

"अन् तुझ्या घरी रे? तू तर म्हणला होतास, आमच्याकडं बी तसंच ठेवतो."

कय्युमनं मावळतीकडं पाहिलं. त्याच्या एका खोलीत, एकाच बाजेखाली, रंगाचे सात डबे होते. अन् दिवेलागणीला त्याची बायको कमरुन्निसा गुडघे शेकायला शेगडी पेटवायची.

तुपानं माखलेल्या हातांत सायकलची मूठ ठरत नव्हती. गल्लीत एकेका घरात दिवे लागायला लागले होते.