राळेचं मेण

मेण काही सुटेना.

ओतारणीनं मनगटापर्यंत मेण चढलेला उजवा हात टेबलावर ठेवला होता आणि पितळेचे पक्षी ओतणारा तिचा नवरा समोर स्टुलावर बसून नखानं मेणाची कड शोधत होता. रोजचं मेण हातमोज्यासारखं अलगद निघायचं. कोमट मेणात हात बुडवायचा, वर टॉवेल गुंडाळायचा, ऊब आखडलेल्या सांध्यांत मुरली की सोलायचं आणि मग बोटांचा व्यायाम. व्यायामवाल्या बाईंनीच शिकवलं होतं सगळं, कारण गोळ्या तिच्या पोटाला सोसत नव्हत्या. आज मात्र मेण बसलं ते बसलंच.

"खरं सांगा," ती म्हणाली. "काय घातलंत यात?"

"मी कुठे काय घातलं?"

"मग याचा रंग मधासारखा कसा?"

ओतारी जरा घुटमळला. "ते तुझं पांढरं मेण अगदीच मिळमिळीत गं. पक्ष्याचं एक पीस धरून ठेवेल तर शपथ. म्हटलं, तुझ्या हाताला आपलं चांगलं लावावं."

"भट्टीवरचं? राळेचं?"

"कढत नाही ना, ते आधी माझ्या मनगटावर बघितलं होतं."

"उपकार झाले. आता वरून माती थापा आणि घाला भट्टीत. पितळेची बायको मिळेल, कुरकुर न करणारी."

"नको. पितळ फार वाजतं. आहे तेवढा आवाज पुरे आहे घरात."

तिला हसू आलं, पण ते ओठांवर येता येता थांबलं. खिडकीपाशी मेणाची चिमणी उभी होती. चोच झाली होती, पंख झाले होते, पंखांवरची रेघ न् रेघ झाली होती. डोळ्यांची जागा तेवढी कोरी. अंगणात ओल्या गोणपाटाखाली माती मळून तयार होती. एकदा ती चिमणीवर चढली की सुई आत पोचायची नाही, आणि मेण वितळून पितळ आलं की जसं असेल तसंच कायमचं.

डोळे पूर्वी ओतारीण करायची. बोटं वाकडी झाल्यापासून तो करायचा. "तुम्ही केलेले डोळे म्हणजे सदऱ्याची बटणं," असं तीच एकदा म्हणाली होती आणि मग बराच वेळ भिंतीकडे बघत बसली होती. या चिमणीला त्यानं सुई लावली नव्हती. का नाही, ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

"आज माती चढवायची ना हिच्यावर?"

"हं."

"मग डोळे?"

"बघू. आधी तुला तर सोडवू."

त्यानं वाटीत तेल कोमट केलं, बोटं बुडवली आणि तिच्या करंगळीपासून चोळायला घेतलं. राळ मोठी हट्टी. चिकटायला क्षण पुरतो, सुटायला सकाळ लागते. पेर पेर चोळावं, तेव्हा कुठे कणभर ढिली व्हायची. त्याचा अंगठा भट्टीच्या चटक्यांनी खरखरीत झालेला. पण एकेका सांध्याभोवती असा फिरत होता, जसा मऊ मेणावर फिरतो. दाबत नव्हता. नुसता विचारत होता, इथे का, इथे का. तिनं डोळे मिटले. खांदे खाली आले. ऊन सरकत सरकत टेबलावर चढलं, तरी तो चोळतच होता.

"भट्टी थंड पडेल तुमची," ती म्हणाली.

"पडू दे. तिला पुन्हा पेटवता येतं."

शेवटचा पापुद्रा निघाला. हात लालसर, तेलकट, नुकत्या न्हायलेल्या बाळासारखा. आता व्यायाम. अंगठा एकेका बोटाला टेकवायचा होता. बाईंचे आकडे तिला रुचायचे नाहीत, म्हणून तिनं आपलं गाणं केलं होतं. ते ती पुटपुटू लागली:

"अंगठेदादा निघाले, पहिल्या घरी टेकले,
दुसऱ्या घरी वाकले, तिसऱ्या घरी थकले,
चौथ्या घरी धाकटी बहीण, वाट बघते दारी..."

इथे गाणं रोज थांबायचं. अंगठा वाटेतच अडायचा, आणि ती म्हणायची, "राहू दे. नदीला पूर आलाय."

आज ते शब्द आले नाहीत. ओतारीनं वाटी पुसता पुसता वर बघितलं. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लागलं होतं. जेमतेम, पण लागलं होतं.

"पोचले," ती म्हणाली.

त्यानं मान फिरवली आणि बाहीनं डोळे टिपले. "या राळेचा वास फार झोंबतो."

"झोंबतोच तो," ती म्हणाली, आणि तो तेलकट हात तिनं त्याच्या मनगटावर ठेवला, मेण कढत आहे का ते त्यानं बघितलं होतं त्याच जागी. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाली, "सुई द्या."

त्यानं सुई दिली, चिमणी पुढ्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून राहिला.

"श्वास घ्या. उडून जात नाही ती."

सुई मेणाला लागली. डोळा गोल हवा, तर मनगट पूर्ण फिरायला हवं. ते अर्धंच फिरलं. तिनं जोर केला नाही. सुई उचलली, चिमणी वळवून घेतली आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच, तशीच एक रेघ ओढली. खाली झुकलेली, नखाच्या कडेसारखी बारीक.

ओतारी वाकून बघत राहिला. बटणं नव्हती. दोन पापण्या होत्या.

"मिटलेत गं डोळे."

"असू देत," ती सुई खाली ठेवत म्हणाली. "दुखायचं थांबलं ना, की आधी झोपच लागते."

ओतारीनं चिमणी ओंजळीत घेतली आणि अंगणाचं दार कोपरानं, अगदी हळू, आवाज होणार नाही असं ढकललं.