पैलतीरावरचा ठिपका

शिरपूरजवळ तापीच्या पाण्यात मासे धरणाऱ्या प्रेमराजची नाव मागच्या वर्षी चोरीला गेली. नवी नाव आणली तेव्हा त्याने तिच्यावर जीपीएस बसवून घेतलं आणि ते स्वतःच बायकोच्या, कोकिळाच्या मोबाइलला जोडून दिलं. "वारं सुटलं तरी तुले घोर नको. मी कुठे शे, ते बठ्ठं दिसेल," तो म्हणाला.

कोकिळाला दिसू लागलं. रोज दुपारी नावेचा ठिपका पैलतीराला टेकायचा आणि उन्हं उतरेपर्यंत तिथून हलायचा नाही. तिथे मोहिनीचं घर होतं. कोकिळाच्या आधी प्रेमराजसाठी तिचंच स्थळ आलं होतं, आणि आता नवरा वारल्यावर ती माहेरी येऊन राहिली होती. भाकरी थापता थापता ती मोबाइलकडे बघायची आणि तव्यावरची भाकरी करपून जायची. नवऱ्याला मात्र तिने एका शब्दाने विचारलं नाही.

एका दुपारी ठिपका टेकला तशी ती एसटीत बसली आणि पूल ओलांडून मोहिनीच्या दारात जाऊन उभी राहिली. खाली काठाला नाव बांधलेली होती.

"कुठे शे माझा नवरा?"

मोहिनीने दार सताड उघडलं. घरात दुसरं कुणीच नव्हतं.


"नाव इथे बांधून तो रोज कुठे जातो," मोहिनी म्हणाली, "हे मीच तुले विचारणार होती."