हॅज गॉन, हॅज बीन

लग्नामुळे अर्धवट सुटलेली बारावी खुशबूने यंदा पूर्ण करायचं ठरवलं, आणि तिची नणंद उर्वशी रोज दुपारी तिला इंग्रजी शिकवू लागली. बाकी सगळं जमत होतं, पण एका वाक्यावर गाडी अडायची. घरचं उदाहरण लक्षात राहील म्हणून उर्वशीनेच ते दिलं होतं : ‘कैलाश हैदराबादला गेला आहे.’

कैलाश म्हणजे उर्वशीचा भाऊ, खुशबूचा नवरा. उन्हाळ्यात कामासाठी गेला होता. पोळ्याला घरी आसगावला येतो म्हणाला आणि आलाच नाही. आता तर त्याचा फोनही लागत नव्हता.

आजही खुशबूने लिहिलं, ‘कैलाश हॅज बीन टू हैदराबाद.’

उर्वशीने हातातला पेन आपटला. सकाळपासून दादाला फोन लावून ती थकली होती, तो रागही त्यात होता.

“वहिनी, रोजच सांगून राहिली मी तुले. ‘हॅज बीन’ म्हणजे जाऊन परत आला. दादा आला का घरी?”

“नाई.”

“मंग ‘हॅज गॉन’ लिही ना. गेला, आन अजून तिकडंच आहे. एवढं समजून नाई राहिलं का तुले?”

खुशबूने वही जवळ ओढली. वाक्य तिने खोडलं नाही.


“समजते बाई. पण पेपर फेब्रुवारीत आहे ना. तवापर्यंत येऊन जातीन ते.”