भिंतीवरचे आजोबा

सात वर्षं चाललेल्या मालिकेतल्या दिवाणखान्यात दिवंगत आजोबांचा फोटो होता, आणि नायिका ऊठसूट त्याच्यासमोर उभी राहून रडायची. मालिका संपल्यावर तिच्या वेडापायी एका लग्नाळू पठ्ठ्यानं सेटवरच्या सामानाच्या लिलावात तोच फोटो पटकावला आणि हॉलमध्ये टांगला.

"ते भंगार आज तरी काढ!" त्याची ताई करवादली. "या नादापायी दोन स्थळं हातची गेली. मुलीकडचे जिना चढतायत!"

स्टूल सापडेपर्यंत बेल वाजलीच. सगळ्यांच्या पुढे मुलीचे आजोबा, डोक्याला आणि नाकातोंडावरून मफलर गुंडाळलेला. आत आले ते थेट फोटोसमोर जाऊन थबकले.

ताईनं सारवासारव केली, "आमचे आजोबा हो. गेल्या वर्षीच गेले बिचारे."

म्हातारबुवांनी सावकाश मफलर सोडला. त्याच झुपकेदार मिशा, तेच नाक, गालावर तोच टपोरा मस. ताई मटकन सोफ्यावर बसली. पठ्ठ्याच्या तर तोंडचं पाणीच पळालं. गेलं, तिसरंही गेलं!



"अगं पोरी, मुलगा पसंत आहे!" आजोबा दारातल्या नातीला ओरडून म्हणाले. "सात वर्षं एक खाडा न करता त्या भिंतीवर काम केलं, पण आपल्या घरात एकानं तरी कधी ती मालिका लावली का?"