वाघाचा प्रवेश

मोहफुलं वेचणाऱ्या बाईवर मागून वाघ येतो, असा शाळेच्या नाटकातला मुख्य प्रसंग होता. पण तालमीत त्या बाईचं काम करणारी जया घडीघडी उठून उभी राही आणि नाटक बसवणाऱ्या रिना मॅडमचा जीव वरखाली होई.

"अगं, वाघ येईपर्यंत वाकूनच राहा!"

"मॅडम, वाकलेलं माणूस वाघाले जनावर वाटते. आई म्हणते, मंधामंधात उभं राहाव."

"हा वाघ नाही, आपला हेमराज आहे. तू उठलीस की प्रसंग पडतो."

स्नेहसंमेलनात जया वाकूनच राहिली. पट्टेरी शाल पांघरलेला हेमराज आवाज न करता मागून निघाला. तोच पुढच्या सतरंजीवरच्या साऱ्या बाया एकदम उठून उभ्या राहिल्या. आता टाळ्या पडणार, म्हणून रिना मॅडमनी श्वास रोखला.

"उभी राह्य वो जया!" बाया ओरडत होत्या, "उभी राह्य!"