सुधारलेला शेवट

पडद्यावरचा बाप दारापाशी उभा राहिला. त्याने हात वर केला, खाली घेतला आणि काळयंत्रात बसून तो परत गेला. दिवे लागले. टाळ्या वाजल्या नाहीत. एक लहान मूल तेवढे रडले, पण त्याला भूक लागली होती.

चित्रपटाचे विज्ञान-सल्लागार असलेले प्राध्यापक मात्र तृप्त मनाने खुर्चीतून उठले. हा शेवट त्यांचा होता. मूळ कादंबरीत बाप भूतकाळात जातो, दार ठोठावतो आणि घर सोडून निघालेल्या मुलाला थांबवतो. वाचकांच्या तीन पिढ्या त्या पानावर रडल्या. कार्यकारणभावाची पायमल्ली कोणाच्याही लक्षात आली नाही. प्राध्यापकांनी ती चूक दुरुस्त करून घेतली. झाले ते बदलत नाही, हा नियम ते घरीही पाळत. त्यांचा स्वतःचा मुलगा भांडून घराबाहेर पडला, त्याला काही वर्षे लोटली होती. घडून गेलेल्या घटनेची चर्चा त्यांना अशास्त्रीय वाटे. बायकोनेही चर्चा कधीच सोडून दिली होती.

बाहेरच्या दालनात लोकमत शिजत होते. एकाला शेवट प्रतीकात्मक वाटला. कशाचे प्रतीक, ते त्याला अजून ठरवायचे होते. दुसऱ्याच्या मते कादंबरीचा गळा घोटला गेला होता. ती आपण वाचलेली नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. काठी टेकत आलेल्या एका आजींचा प्रश्न साधा होता.

"दारापर्यंत आला मेला, मग हात का आखडला?"

प्राध्यापकांना राहवले नाही. त्यांनी पुढे होऊन समजावले. बापाने दार ठोठावले असते, तर मुलगा गेलाच नसता. मुलगा गेला नसता, तर बापाने यंत्र बांधलेच नसते. मग दाराशी आले कोण?

"आलं कोण, ते तुम्ही बसा शोधत," आजी म्हणाल्या. "दार तर उघडलं असतं."

या अज्ञानाला साक्षीदार हवा, म्हणून प्राध्यापक सोबत आलेल्या बायकोकडे वळले. ती जागेवर नव्हती. रस्ता ओलांडून ती बसथांब्यावर पोहोचली होती. गाडी विरुद्ध दिशेला लावली आहे, हे सांगायला ते लगबगीने तिच्यामागे गेले, तोवर बस येऊन थांबली.

"विज्ञान बरोबर आहे तुमचं," पायरीवर पाय ठेवत ती म्हणाली. "मागच्या काळात कुणाला जाता येत नाही. पण आपला मुलगा मागच्या काळात राहत नाही, नदीपलीकडे राहतो. दर आठवड्याला मी याच बसने जाते. चढताय, की यातही काही विरोधाभास आहे?"

प्राध्यापक चढले. विरोधाभास त्यांनी वाटेतही शोधला. नदी ओलांडली तरी तो सापडला नाही.

तिसऱ्या मजल्यावर बायको दारासमोरून बाजूला सरली. प्राध्यापकांनी हात वर केला, खाली घेतला आणि मग, मूळ कादंबरीबरहुकूम, दार ठोठावले.