पाच काळी बटणं

डावरीनं डब्याचं झाकण उघडलं आणि आधी पाच काळी बटणं मुठीत घेऊन एप्रनच्या खिशात टाकली. मग वळून ती म्हणाली, "हं, मोजू या."

मावशी आणि लंबू बाकावर जेवत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं, निदान डावरीला तसं वाटलं.

इस्पितळाच्या लाँड्रीत निखळलेल्या बटणांना तोटा नाही. त्यातूनच हा खेळ निघाला होता. आठवडाभर घरी जी मालिका बघितली, तिला सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मार्क द्यायचे. भीडभाड नको म्हणून आधी बटणं टाकायची, मग तोंड उघडायचं. झाकणाला फट पाडलेल्या बिस्किटांच्या डब्यात, एक ते पाच. मावशीची पांढरी, लंबूची निळी, डावरीची लाल. काळी बडबडीची.

डब्याचं झाकण सैल होतं, म्हणून तो चादरीच्या पट्टीनं बांधून ठेवायचा. गाठ मारायची डावरी आणि सोडायचीही तीच. तिची गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नसे.

बडबडी सगळ्या मालिकांना पाच द्यायची. "मेहनत घेतलीय हो बिचाऱ्यांनी," म्हणायची. जाहिरात बघूनही डोळे पुसणारी बाई ती. लंबू म्हणायची, हिला मार्क द्यायला बसवलं तर नापास कुणी होणारच नाही.

महिन्यापूर्वी ती गेली. इस्त्रीच्या मोठ्या रोलरपुढे एक दांडी असते. हात फार पुढे गेला की दांडी ढकलली जाते आणि मशीन थांबतं. जाड कापड आलं तरी थांबतं, म्हणून काम रखडतं. त्या दिवशी चादरींचा डोंगर होता आणि चौघींनाही लवकर सुटायचं होतं, कारण संध्याकाळी त्यांच्या लाडक्या रहस्यमालिकेचा शेवटचा भाग होता. बडबडीचा हात चादरीबरोबर आत गेला आणि मशीन थांबलं नाही. दांडी चादरीच्या पट्टीनं बांधलेली होती. मेकॅनिकनं ती पट्टी कात्रीनं कापून काढली.

कुणी बांधली, ते आपण पाहिलं नाही, असं तिघींनीही साहेबांना सांगितलं. मशीनवर बडबडी होती, तेव्हा चूक तिचीच ठरली. तिच्या नवऱ्यानं खाली मान घालून कागदावर सही केली.

त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी डब्यात पाच काळी बटणं निघाली.

त्या दोघींना कशाला घाबरवायचं, असं स्वतःला समजावत डावरीनं ती खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी निखळलेली बटणं ठेवायच्या बरणीतली सगळी काळी बटणं वेचून गटारात फेकली. पुढच्या सोमवारी पुन्हा पाच. आता मशीन सुरू झालं की तिला बडबडीचं गुणगुणणं ऐकू यायचं. चादरींच्या घड्या करताना कुणीतरी दुसरं टोक धरलंय, असं वाटायचं. जेवण जाईना, झोप लागेना. बडबडीवर तिचा जीव होता, आणि आता तिलाच तिची भीती वाटत होती.

आज चौथा सोमवार होता. मोजणी झाल्यावर लंबू म्हणाली, "आपल्या रहस्यमालिकेचा शेवटचा भाग अजून राहिलाय. बघू या का आता?"

"नको," डावरी पटकन म्हणाली.

"बघू या गं," मावशी म्हणाली. "तिचा जीव अडकला असेल त्यात."

आठवडाभरात तिघींनी तो भाग बघितला. पाचव्या सोमवारी तिघींनी आपापली बटणं टाकली. डावरीनं पाठमोरी होऊन गाठ सोडली.

आज काळं बटण एकच होतं.

आयुष्यात कुणाला पाचाच्या खाली मार्क न देणारी बाई! डावरीनं ते बटण खिशात सारलं.

"पांढरी चार, निळी तीन, लाल दोन," ती म्हणाली.

"मला पहिल्या भागातच कळलं होतं," लंबू म्हणाली. "तेराव्याला सगळ्यांत जास्त रडते ना, तीच खुनी."

"मला बाई नाही कळलं," मावशी म्हणाली. "रडणाऱ्या माणसावर कोण संशय घेतो?" मग तिनं हात पुसले. "आणि काळी किती निघाली?"

डावरीचा हात खिशाकडे गेला.

"आम्हीच टाकतोय गं ती," लंबू म्हणाली. "पहिली बरणीतली, नंतरची माझ्या घरच्या जुन्या कपड्यांची. वाटलं, तिचे पाच असावेत डब्यात. तू झाकण उघडशील, आम्हाला दाखवशील, तिघी मिळून तिच्या नावानं रडू. तू काहीच बोलली नाहीस. वाटलं, दिसली नसतील. म्हणून पुन्हा टाकली. आज मुद्दाम एकच टाकलं, आता तरी तू काही बोलतेस का बघायला."

"तुम्ही घाबराल म्हणून..."

"बडबडीला?" मावशी म्हणाली. "तिला आम्ही कशाला घाबरू?"

बाहेर धुलाईची मशीनं घरघरत होती. डावरीनं खिशावर हात दाबून धरला होता.

"जाऊ दे," मावशी मऊ आवाजात म्हणाली. "सुट्टी संपली. डबा बांधून ठेव."

डावरीला हायसं वाटलं. तिनं पट्टी ओढली, नेहमीसारखी डब्याभोवती गुंडाळली आणि गाठ मारली.

मावशीनं पिशवीतून चादरीची दुसरी एक पट्टी काढली. ती कात्रीनं कापलेली होती, पण कापताना गाठ तशीच राहिली होती. तिनं ती डब्याशेजारी ठेवली.

दोन्ही गाठी डाव्या हाताच्या होत्या.